अंडी घटली की आधी रक्त घ्या, मग लसीचं बघा

प्रश्न (मोहोळ तालुका) : आमची अंड्यावरच्या कोंबड्यांची बॅच ४२ आठवड्यांची आहे. उत्पादन आठवडाभरात ९२ टक्क्यांवरून ८३ वर आलं. मरतूक नाही. काही अंडी पातळ कवचाची, दोन-चार बिनकवचाची. औषध दुकानदार म्हणतो लासोटाचा, म्हणजे रानीखेत या विषाणूरोगाच्या जिवंत लसीचा, डबल डोस पाण्यातून द्या आणि पाच दिवस अँटिबायोटिक चालवा. द्यावं का?

उत्तर : देऊ नका. दोन्हीही देऊ नका.

जिवंत लस आज दिलीत आणि पंधरा दिवसांनी रक्त तपासलंत, तर वाढलेला टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी) लसीमुळे वाढला की रोगामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही. घशाचा स्वॅब पीसीआरला पाठवलात तर त्यातही लसीचाच विषाणू सापडू शकतो. म्हणजे निदानाची वाट तुम्ही स्वतःच बंद केली. डबल डोसनं प्रतिकारशक्ती डबल होत नाही. श्वासनलिकेवर ताण येतो, पक्षी खोकायला लागतात आणि आणखी अंडी जातात. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही परिणाम नाही, त्याचा अंश मात्र अंड्यात उतरतो. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर तर अन्न देणाऱ्या जनावरांसाठी २०१९ पासून बंदी आहे. कुणी अजून ‘जुना स्टॉक आहे’ म्हणून पुडी पुढे करत असेल तर त्या दुकानाची पायरी चढू नका.

आता काय करायचं. आधी ऊन आहे की विषाणू, हे वेगळं करा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. पक्षी धापा टाकतात, रक्तातलं कवच बनवायचं सामान कमी पडतं, खाद्यही कमी खाल्लं जातं. कवच त्यानंही पातळ होतं. पण उन्हाचा फटका सगळ्या शेडना एकदम बसतो, खाद्य आधी घटतं आणि दोन दिवस हवा थंड झाली की अंडी सावरू लागतात. विषाणू एका शेडमधून, कित्येकदा एका रांगेतून सुरू होतो आणि पुढे सरकतो. म्हणून रांगवार अंडी मोजा. अख्ख्या फार्मचा एकच आकडा वहीत लिहिणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही. रांगवार वही ठेवणाऱ्याला दोन दिवसांत दिसतं. फार्मवर गेल्यावर मी पहिल्यांदा ही वहीच मागतो.

मग त्या रांगेतली दहा-बारा अंडी ताटात फोडून बघा. पांढरा बलक पाण्यासारखा पसरत असेल, कवच सुरकुतलेलं किंवा वेडंवाकडं असेल, तर आयबीचा (इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस, श्वसनाचा विषाणूरोग) संशय घ्या. आतला माल चांगला, पक्षी ठणठणीत, तरी कवच पातळ, खरखरीत किंवा गायब, तर ईडीएस (एग ड्रॉप सिंड्रोम, अंडी घटवणारा विषाणूरोग). तपकिरी अंड्याच्या पक्ष्यांत ईडीएसमध्ये आधी रंग उडतो. आपल्याकडे बहुतेक पक्षी पांढऱ्या अंड्याचे, त्यामुळे ती खूण आपल्याला मिळत नाही, कवच हातानंच चाचपावं लागतं. हिरवट हगवण, मान वळणं असेल तर रानीखेत. मात्र लस झालेल्या बॅचमध्ये रानीखेत नुसती अंडी घटवूनही जातो, मान वळायची वाट बघू नका. तुमचं वर्णन ईडीएसकडे झुकतं. १६ आठवड्यांना जी किल्ड (मेलेल्या विषाणूची) लस दिली तिच्या लेबलवर ईडीएस लिहिलं होतं का, ते बघा. काही बाटल्यांत फक्त रानीखेत आणि आयबी असतं.

संशय पक्का रक्तानंच होतो. आज एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, त्याच प्रयोगशाळेत. मधल्या काळात कोणतीही लस दिलेली नसताना टायटर चौपट किंवा जास्त चढला, तर तो विषाणू फार्मवर येऊन गेला. मधल्या काळात लस नको, हे मी पुन्हा सांगतो.

प्रश्न (बार्शी) : लस विकणाऱ्याचा माणूस येऊन फुकट टायटर करून देतो. ‘चांगला आहे’ एवढंच सांगतो. किती असावा?

उत्तर : फुकट टायटर करणाऱ्याला पुढची बाटली विकायची असते, एवढं ध्यानात ठेवा. ‘चांगला’ हा आकडा नाही. प्रत्येक पक्ष्याचा वेगळा आकडा कागदावर मागा. किल्ड लसीनंतर चार आठवड्यांनी रानीखेतचा एचआय चाचणीतला टायटर बहुतेक पक्ष्यांत ६४ च्या वर असावा. प्रयोगशाळेनुसार थोडं मागंपुढं होतं. पण सरासरीपेक्षा पसारा बघा. वीस पक्ष्यांत सहा जणांचा ८ आणि बाकीच्यांचा ५१२ असेल तर सरासरी छान दिसेल, पण ते सहा पक्षी म्हणजे उघडं दार. इंजेक्शन देणारी टोळी घाईत होती किंवा काही पिंजरे सुटले, असा त्याचा अर्थ.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : किल्ड लसीच्या आधी एकदा, चार आठवड्यांनी एकदा आणि पुढे दर आठ ते दहा आठवड्यांनी रक्त तपासा. लासोटाची उजळणी या आकड्यावर ठरवा, दुकानदाराच्या कॅलेंडरवर नाही. आणि अंड्यावर आलेल्या पक्ष्यांना आर२बी ही रानीखेतची जास्त जहाल जिवंत लस कधीच देऊ नका. ती तलंगांची (अजून अंड्यावर न आलेल्या पक्ष्यांची) लस आहे, साधारण ८ ते १० आठवड्यांच्या वयात द्यायची. ‘लासोटा कमी पडते, आर२बी मारा’ असा सल्ला घेऊन अख्ख्या शेडची अंडी बसवलेले फार्म मी बघितलेत.

लासोटा पाण्यातून देताना क्लोरीन आदल्या दिवशीच बंद, पाण्यात स्किम मिल्क पावडर, आणि आपल्या उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत काम संपलं पाहिजे. दुपारी बारा वाजता टाकीत टाकलेली लस म्हणजे टाकून दिलेले पैसे.

प्रश्न (करमाळा) : शेड उजनीच्या काठाजवळ आहे, थंडीत पाणपक्षी खूप येतात. बर्ड फ्लूची लस मिळेल का? नुकसान झालं तर योजना आहे का?

उत्तर : एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची लस आपल्याकडे वापरायला परवानगी नाही. कुणी चोरून देत असेल तर घेऊ नका. बदकं-हंस पाळू नका, ईडीएसही त्यांच्याकडून येतो. धरणाचं पाणी क्लोरीनशिवाय पक्ष्यांना पाजू नका. म्हातारे पक्षी उचलणाऱ्या व्यापाऱ्याची गाडी आणि बाहेरचे ट्रे फाटकाच्या आत घेऊ नका. माझ्या बघण्यात जास्त रोग याच गाडीनं फिरतो.

एकदम मोठी मरतूक, तुरे निळे, डोकं सुजलेलं दिसलं तर पक्षी फाडायचा नाही, विकायचा नाही, १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. २००६ मध्ये नवापूरला, २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लूनं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरमधले पक्षी नष्ट होतात, १० किलोमीटरपर्यंत पाहणी चालते. भरपाई शासनानं नष्ट केलेल्या जिवंत पक्ष्यांची, अंड्यांची, खाद्याची मिळते. आधीच मेलेल्यांची नाही. लपवलंत तर तीही गेली. राष्ट्रीय पशुधन अभियानाचं ५० टक्के अनुदान ग्रामीण कुक्कुटपालनाला आहे, व्यापारी लेअर (अंड्यांच्या) फार्मला नाही. एजंटाला फाइलचे पैसे देऊ नका.

प्रश्न (सांगोला) : रक्त घेऊन ठेवलं आणि फ्रीजरमध्ये टाकलं, प्रयोगशाळेनं नमुना परत केला. का?

उत्तर : रक्त गोठवलं की पेशी फुटतात, नमुना वाया. पंखाच्या शिरेतून दोन-तीन मिली रक्त साध्या नळीत घ्या, नळी आडवी सावलीत ठेवा, पिवळं रक्तजल सुटलं की दुसऱ्या नळीत काढा. गोठवायचं ते हेच. शेडमागे वीसएक पक्षी, वरचा-खालचा मजला, मधली आणि टोकाची रांग धरून. ठणठणीत पक्षीच निवडू नका, अंडी घटलेल्या रांगेतले जास्त घ्या. नळीवर शेड, रांग, वय आणि शेवटच्या लसीची तारीख लिहा. आमच्या दवाखान्यामार्फत नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातो. सोमवार ते बुधवार आणा, बर्फात आणा. शुक्रवारी आणलेला नमुना शनिवार-रविवारी वाटेतच पडून राहतो.