‘जन्मसिद्ध नागरिकत्व’ की ‘जन्मजात नागरिकत्व’?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या बातम्यांत कुठे ‘जन्मसिद्ध नागरिकत्व’ असतं, कुठे ‘जन्मजात’. बरोबर कोणतं?

‘जन्मजात’ सरळ बाद करावा. गुण, दोष, आजार जन्मजात असतात. ते अंगात असतात. नागरिकत्व कायदा देतो.

‘जन्मसिद्ध’ टिळकांमुळे आपल्या कानात पक्का बसला आहे. शब्द भारदस्त आहे खरा, पण जन्म झाला की हक्क सिद्ध झाला, असा निकालच तो देऊन टाकतो. अमेरिकेत भांडण नेमकं त्यावर आहे. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारलं. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदाव्या घटनादुरुस्तीने तिथे जन्मलेल्यांना ते दिलं, मात्र ‘अमेरिकेच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन’ असण्याची अट घातली. याच अटीवर बोट ठेवून १८८४ मध्ये न्यायालयाने तिथल्याच एका मूळनिवासी माणसाला नागरिक मानलं नाही. १८९८ मध्ये मात्र चिनी आईबापांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कला मानलं. मूळनिवासींना सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं! बेकायदा किंवा तात्पुरतं राहणाऱ्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व नाकारणारा ट्रम्प यांचा २० जानेवारी २०२५ चा आदेशही याच अटीचा आधार घेतो.

आणखी एक घोळ आहे. जन्म कुठे झाला आणि कोणाच्या पोटी झाला, हे दोन वेगळे निकष. लॅटिनमध्ये त्यांना ‘युस सोली’ (भूमीचा हक्क) आणि ‘युस सँग्विनिस’ (रक्ताचा हक्क) अशी स्वतंत्र नावं आहेत. ‘जन्मसिद्ध’ दोन्हींना लागू पडतो. आपल्याच १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं तिसरं कलम पाहा. सुरुवातीला भारतात जन्म एवढं बहुतेकांना पुरत होतं. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक भारतीय असणं लागू लागलं, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. कलमाच्या मथळ्यात ‘जन्म’ कायम आहे, आत मात्र भूमीच्या जोडीला रक्त येऊन बसलं आहे.

म्हणून बातमीत ‘जन्मसिद्ध’ चालेल, रूढ झाला आहे. कायद्यावर किंवा वादावर लिहिताना मी ‘जन्मस्थानावरून नागरिकत्व’ आणि ‘वंशावरून नागरिकत्व’ असंच लिहीन. लांबलचक आहे, पण वाचणाऱ्याला कशाबद्दल चाललंय ते कळतं.

आणि हो, ‘नागरीकत्व’ नको. ‘रि’ ऱ्हस्व.