राष्ट्रपतिपदासाठी कोण उभं राहू शकतं?

पस्तिशी ओलांडलेला कुणीही राष्ट्रपतिपदाचा अर्ज भरू शकतो का, आणि त्यासाठी जन्मानेच भारतीय असावं लागतं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जन्मतः नागरिक असावा लागतो. आपल्या संविधानाचं ५८वं कलम 'भारताचा नागरिक' यापुढे जात नाही. घटनाकारांनी नागरिकांत इथे डावं-उजवं केलं नाही, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. परदेशातल्या मंडळींनी मात्र लक्षात ठेवा, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे.

बाकी अटी थोड्या आहेत. वयाची ३५ वर्षं पूर्ण हवीत आणि लोकसभेवर निवडून यायची पात्रता हवी, म्हणजे देशातल्या कुठल्या तरी मतदार यादीत नाव हवं. शिक्षणाची अट नाही. सरकारी नोकरीसारखं लाभाचं पद चालत नाही, पण राज्यपाल आणि मंत्री यांना त्यातून सूट आहे.

खरी अडचण १९५२च्या निवडणूक कायद्यात आहे. सुरुवातीला एक सूचक, एक अनुमोदक मिळाला की भागायचं. १९६७ साली १७ उमेदवार होते आणि त्यातल्या नऊ जणांना एकही मत पडलं नाही. मग १९७४ मध्ये दहा सूचक आणि दहा अनुमोदक लागू लागले, १९९७ मध्ये पन्नास-पन्नास. अनामत रक्कमही अडीच हजारांवरून १५,००० रुपये झाली. तेव्हापासून २०२२ पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत रिंगणात दोनच उमेदवार राहिले. हौशी अर्ज थांबायला हवे होतेच, पण पन्नासचा आकडा मला जास्त वाटतो. छोट्या पक्षांनी एकत्र येऊन तिसरं नाव द्यायचं म्हटलं, तरी शंभर सह्या जमवताना त्यांची दमछाक होते, कारण एका मतदाराला एकाच उमेदवारासाठी सही करता येते. कुठलीही निवडणूक न लढवलेले अब्दुल कलाम २००२ मध्ये राष्ट्रपती झाले, तेही मोठे पक्ष पाठीशी होते म्हणूनच.

आणि सह्या कुणाच्या, तेही नीट बघा. निवडून आलेले खासदार आणि विधानसभेचे निवडून आलेले आमदारच चालतात. आपल्या विधान परिषदेच्या आमदारांची सही इथे कामाची नाही, राज्यसभेवर नेमलेल्या सदस्यांचीही नाही.