ट्रेलरवर उलटसुलट सूचना आल्या, आता ऐकायचं कोणाचं?

तुमच्या १४ मिनिटांच्या शॉर्ट फिल्मचा १ मिनिट ५० सेकंदांचा ट्रेलर, पोस्टर आणि दोन ओळींची ओळख, तिन्ही नीट पाहिलं. तुमची अडचणही कळली: एक म्हणतो संगीत बदला, दुसरा म्हणतो गोष्टच कळत नाही, तिसरा म्हणतो सगळी गोष्ट इथेच कळली.

तिघांचंही ऐका, पण त्यांनी सुचवलेले उपाय तूर्त बाजूला ठेवा. कुठे खटकलं हे बघणारा बहुतेक वेळा बरोबर सांगतो. का खटकलं आणि काय केलं म्हणजे सुधारेल, हे शोधणं एडिटरचं काम. ‘संगीत बदला’ म्हणणाऱ्याला विचारा, नेमका कुठे कंटाळा आला? माझा अंदाज, तो पहिल्या ११ सेकंदांवर बोट ठेवेल. कॉलेजचा लोगो, मग टीमचा लोगो, मग सूर्योदय, आणि खाली संथ पियानो. पियानो वाईट नाही. पडद्यावर काही घडत नाही म्हणून त्याचं लक्ष संगीताकडे गेलं.

उरलेल्या दोन तक्रारी परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचं मूळ मला एकच दिसतं. वडील गेले, घर विकायचंय, भावाला घाई, बहिणीचा विरोध, शेवटी दोघं एकमेकांच्या गळ्यात पडतात. माहिती भरपूर, पण पुढे काय होईल अशी ओढ कुठेच लागत नाही. आणि तुमच्याकडे ती ओढ लावणारा शॉट आहे! ४८व्या सेकंदाला बहीण वडिलांच्या आवाजाची कॅसेट टेपमध्ये घालते, प्लेच्या बटणावर बोट ठेवते आणि दाबत नाही. तिच्या नखाखालची कातडी दाबाने पांढरी पडलेली दिसते. इतका सुंदर शॉट मधेच कुठेतरी पुरून ठेवू नका. तो पहिल्या पाच सेकंदांत आणा, लोगो शेवटी न्या आणि गळाभेट काढून टाका. ती फिल्मसाठी राखून ठेवा.

फिल्ममधला क्रम ट्रेलरमध्ये पाळलाच पाहिजे असं नाही. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने १९२०च्या आसपास केलेला प्रयोग तुम्हाला शिकवला असेल: नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला, आणि बघणाऱ्यांना त्यात वेगवेगळे भाव दिसले. तुमच्याकडे दारात उभ्या भावाचा क्लोजअप आहे. सध्या तो दलालाच्या शॉटनंतर येतो, त्यामुळे भाऊ नुसता लोभी वाटतो. तोच क्लोजअप टेपच्या शॉटनंतर लावून बघा. त्या कॅसेटबद्दल त्याला काहीतरी माहीत आहे असं वाटू लागेल, आणि तुमच्या कथेत ते खरंच आहे. कथेत नसतं, तर असा जोड देणं म्हणजे प्रेक्षकाची फसवणूक झाली असती.

लांबी ४५ ते ६० सेकंद पुरे. अमेरिकेतल्या चित्रपटगृह मालकांच्या संघटनेने २०१४ साली पूर्ण लांबीच्या चित्रपटांच्या ट्रेलरसाठीही दोन मिनिटांची मर्यादा सुचवली होती. तुमची तर अख्खी फिल्म १४ मिनिटांची.

आवाजाकडे मात्र जास्त वेळ द्या. रिकाम्या घरासाठी लावलेली खालच्या पट्टीतली घरघर फोनच्या छोट्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे तिथे नुसती पोकळी वाटते. त्याऐवजी कॅसेटची खरखर वापरा, आणि ती चित्राच्या एक-दोन सेकंद आधी सुरू करा. मिक्स, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र केलेला ट्रॅक, ताणून मोठा करण्यात अर्थ नाही. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) वरचा आवाज स्वतःच खाली आणतं. संवाद स्पष्ट असणं महत्त्वाचं. सबटायटल्स हवीतच, कारण अनेक जण फोनवर आवाज बंद ठेवूनच बघतात.

पोस्टरवर चार चेहरे, घर आणि सूर्यास्त आहे. ते फोनवर अंगठ्याएवढं करून बघा, नाव वाचता येत नाही. बटणावरचं बोट आणि फिल्मचं नाव, एवढंच ठेवा. थंबनेल, म्हणजे यूट्यूबवर व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं छोटं चित्र, १२८० बाय ७२० पिक्सेलचं करा आणि उजवा खालचा कोपरा मोकळा सोडा. तिथे व्हिडिओची लांबी दिसते, आत्ता नावाचं शेवटचं अक्षर तिच्याखाली जातंय.

‘नात्यांचा भावस्पर्शी प्रवास’ ही ओळ कुठल्याही फिल्मला लागू पडेल. असं काहीतरी लिहा: ‘घर विकण्याच्या आदल्या रात्री बहीण-भावाला वडिलांच्या आवाजाची कॅसेट सापडते. ती ऐकायची की नाही, यावर दोघांचं एकमत होत नाही.’

नवा कट ज्यांनी जुना पाहिलेला नाही त्यांनाच दाखवा. बाकीच्यांना गोष्ट आधीच माहीत आहे. दाखवण्याआधी एक शब्दही समजावू नका. पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा. नजर कधी हलते ते टिपून ठेवा. मग ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, त्यावर लोक कौतुकच करतात. ‘कोणाची गोष्ट आहे? पुढे काय जाणून घ्यावंसं वाटतं?’ असं विचारा. एकमेकांशी न बोललेले तीन जण एकाच जागी अडले, तर ती जागा दुरुस्त करायलाच हवी. एकट्यादुकट्याची आवड-निवड ऐकून घ्या आणि सोडून द्या.

पियानोचा तुकडा दुसऱ्या कोणाचा असेल, तर फिल्म आणि ट्रेलर दोन्हींसाठी लेखी परवानगी आत्ताच घ्या. अपलोड केल्यावर कॉपीराइटचा दावा आला, तर ऐन प्रदर्शनाच्या वेळी ट्रेलर अडकेल. नवा कट झाला की आधी आवाजाशिवाय पाठवा. फक्त चित्रावर गोष्ट कुठपर्यंत पोहोचते ते बघून कळवतो.