ट्रॅफिक हवालदाराशी नुसता वाद घातला तरी ‘सरकारी कामात अडथळा’ लागतो का? शिक्षा किती?

नुसत्या तोंडाने? लागू नये. लावतात मात्र. मला २०१९ मध्ये लावला होता, म्हणून लिहितोय.

नाशिकच्या रविवार कारंजाजवळ आईची औषधं घ्यायला दहा मिनिटं गाडी लावली. परत येतो तर टोइंगची पोरं अ‍ॅक्टिव्हा उचलताहेत. मी म्हटलं, दंड घ्या, गाडी खाली ठेवा. हवालदार म्हणाले, “आता तिकडेच ये.” मी हँडल धरलं, ते सोडवायला लागले, ओढाताणीत त्यांचं पावतीपुस्तक खाली पडलं. झालं एवढंच. फिर्यादीत मात्र मी त्यांची गचांडी धरलेली! एक रात्र कोठडीत काढली, दुसऱ्या दिवशी जामीन.

तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम ३५३, म्हणजे सरकारी नोकरावर हमला किंवा बळजबरी. महाराष्ट्राने २०१८ मध्ये त्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच केली आणि खटला सेशन्सकडे, म्हणजे सत्र न्यायालयाकडे नेला. म्हणजे सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात खुनाच्या खटल्यांच्या रांगेत माझी अ‍ॅक्टिव्हा. चार वर्षं तारखा. पंच असलेला पानवाला उलटला आणि मी सुटलो.

माझे मामा पोलिसातून निवृत्त झालेत. आजही लग्नाकार्यात चारचौघांत म्हणतात, “निर्दोष कसला, संशयाचा फायदा मिळाला तुला.” मामा, तुम्ही हे वाचणार नाही, तरी लिहितो: माणसाच्या अंगावर जाणं वेगळं आणि स्वतःच्या गाडीचं हँडल धरणं वेगळं. कायद्यातच लिहिलंय की नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे. हमला किंवा बळजबरी नसेल तर ते कलम उभंच राहत नाही.

१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता लागते. तिच्यात हे कलम १३२ झालंय, शिक्षा दोन वर्षांपर्यंत, अजामीनपात्र. दुखापत केली तर १२१, पाच वर्षांपर्यंत. गंभीर दुखापतीला एक ते दहा वर्षं. हात न लावता नुसता अडथळा आणला तर २२१, तीन महिने किंवा अडीच हजार दंड किंवा दोन्ही. या २२१ साठी त्या कर्मचाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार थेट कोर्टात जावी लागते. म्हणून ठाण्यात मोठं कलम लावण्याकडे कल असतो, हे माझं मत.

तर वाद घाला, खुशाल घाला, पण हात खिशात ठेवून. सोबतच्याला व्हिडिओ काढायला सांगा, लांबून. माझ्याकडे तो असता तर चार वर्षं गेली नसती. मी वकील नाही, नोटीस आली असेल तर आधी वकील गाठा. हँडल धरणं हीसुद्धा बळजबरीच, असं माझ्याच वकिलांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मामांना ते माहीत नाही.

आणि तुम्ही हात लावला होता की नाही, ते प्रश्नात लिहिलेलंच नाही.