इतक्या क्षीण चुंबकाने ऑर्गॅनिक एलईडीचा उजेड कसा काय बदलतो?

तुमची शंका रास्त आहे आणि हिशोबही बरोबर आहे. 10 मिलिटेस्ला चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या, म्हणजे त्याच्या अंगभूत इवल्या चुंबकत्वाच्या, दोन पातळ्यांमध्ये जेमतेम 1 मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक पडतो. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा साधारण 25 मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे वीस हजार पटींहून जास्त. मग असला चुंबक जवळ आणल्यावर ऑर्गॅनिक एलईडीचा, म्हणजे कार्बनी रेणूंच्या पातळ थरातून उजेड देणाऱ्या दिव्याचा, उजेड आणि प्रवाह काही टक्क्यांनी बदलतो, हे खरं कसं मानायचं, असं तुम्ही विचारलंय.

इंदुरात बीएस्सी करणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. खंडवा रोडवरच्या यूजीसी-डीएईच्या संशोधन संस्थेत एखादी फेरी झाली असेल, तर चुंबकाने विद्युत रोध बदलणं म्हणजे द्रव हेलियमची कडाक्याची थंडी आणि कित्येक टेस्लाचं क्षेत्र, असंच चित्र मनात बसतं. तरीही परिणाम खरा आहे. 2003 मध्ये कालिनोव्स्की आणि सहकाऱ्यांनी एएलक्यू-3 या ऑर्गॅनिक द्रव्याच्या एलईडीत उजेड बदलताना दाखवला. 2004 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या गटाने पॉलिफ्लुओरीन या पॉलिमरमध्ये खोलीच्या तापमानालाच, 10 मिलिटेस्लाला रोधात 10 टक्क्यांपर्यंत बदल नोंदवला. त्यात चुंबकीय धातूचा इलेक्ट्रोड लागतच नाही.

उष्णतेशी तुलना करताना आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरतो: स्पिनला उष्णतेशी समतोल साधायला वेळ मिळाला आहे. इथे तो मिळत नाही. ही द्रव्यं बहुतांशी कार्बन आणि हायड्रोजनची, हलक्या अणूंची. अशा अणूंत स्पिनचं इलेक्ट्रॉनच्या कक्षीय गतीशी नातं फार सैल असतं, त्यामुळे रेणू कितीही थरथरले तरी स्पिनला त्याची खबर लागायला मायक्रोसेकंद लागतात. निकाल त्याआधीच लागून गेलेला असतो.

तो निकाल असा. एका बाजूने इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूने होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन प्रभारासारखी वागते), रेणूरेणूवरून उड्या मारत येतात आणि शेजारशेजारच्या रेणूंवर थबकतात. या जोडीच्या स्पिनच्या चार अवस्था संभवतात: एक सिंगलेट, जिच्यात दोन्ही स्पिन एकमेकांना पूर्ण रद्द करतात, आणि तीन ट्रिप्लेट, ज्यांत ते रद्द होत नाहीत. जड अणू नसलेल्या साध्या प्रतिदीप्त (फ्लुओरेसंट) द्रव्यात उजेड देते ती सिंगलेट. जोडी थबकलेली असताना प्रत्येक स्पिन आपापल्या रेणूतल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचं चुंबकीय क्षेत्र अनुभवतो. ते काही मिलिटेस्लाच असतं आणि दोन रेणूंवर सारखं नसतं. म्हणून दोन्ही स्पिन वेगवेगळ्या गतीने, वेगवेगळ्या अक्षांभोवती फिरतात आणि सिंगलेटचं ट्रिप्लेट, ट्रिप्लेटचं सिंगलेट होत राहतं. 1 मिलिटेस्लाला एका फेरीला सुमारे 36 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे मायक्रोसेकंद उलटायच्या आत बऱ्याच फेऱ्या होतात.

आता बाहेरून 10 मिलिटेस्ला लावा. तीनपैकी दोन ट्रिप्लेट अवस्थांची ऊर्जा सरकते आणि सिंगलेटशी त्यांची अदलाबदल थांबते. एकाच ट्रिप्लेटची चालू राहते. म्हणजे बाहेरच्या क्षेत्राची स्पर्धा उष्णतेशी नाही, हायड्रोजनच्या त्या इवल्या क्षेत्राशी आहे, आणि ती त्याला सहज जिंकता येते. सिंगलेट आणि ट्रिप्लेट जोड्या वेगवेगळ्या वेगाने विझत किंवा तुटत असल्याने अदलाबदल बिघडली की उजेडही बदलतो, प्रवाहही.

याचा मला सर्वात आवडणारा पुरावा 2010 चा, अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठातला. त्यांनी पॉलिमरमधल्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड समस्थानिक, घातला. रसायन तेच, पण ड्यूटेरियमच्या केंद्रकाचा स्पिनवरचा प्रभाव बराच कमी. परिणामाचा आलेख लगेच अरुंद झाला. कमी क्षेत्रातच बदल उरकू लागला. कारण हायड्रोजनच आहे, हे याहून सरळ कसं दाखवणार?

जोडी इलेक्ट्रॉन-होलची की एकाच रेणूवर येऊ पाहणाऱ्या दोन समान प्रभारांची, यावर वाद झाले आहेत, आणि उत्तर द्रव्यागणिक बदलतं. दोन ट्रिप्लेट एकमेकांना भिडूनही उजेड देतात, आणि जास्त क्षेत्रात तो भागही चुंबकाने बदलतो. इरिडियमसारखा जड अणू असलेल्या द्रव्यात मात्र स्पिन-कक्षा नातं घट्ट असल्याने परिणाम फारच फिका पडतो.

स्वतः मोजायचं असेल तर फोनचा पडदा नको. त्याच्या लाल-हिरव्या ठिपक्यांत बहुधा असाच जड अणू असतो, शिवाय आत होकायंत्र आणि कॅमेराही आहेत, ते चुंबकाने बिघडू शकतात. हॉल इफेक्टच्या प्रयोगाचा इलेक्ट्रोमॅग्नेट तुमच्या कॉलेजात असेल. त्याच्या ध्रुवांमध्ये निळा छोटा ऑर्गॅनिक एलईडी आणि फोटोडायोड घट्ट बसवा, काही हलू देऊ नका. एवढ्या बारीक बदलात किंचित हललेला डायोडही खोटा आलेख काढतो. क्षेत्र इलेक्ट्रोमॅग्नेटच्या अँपिअरवरून ठरवू नका. प्रवाह शून्य केला तरी लोखंडी गाभ्यात काही मिलिटेस्ला उरतातच आणि आपला सगळा खेळ तेवढ्यातच आहे, म्हणून दर वेळी गॉसमीटर, म्हणजे क्षेत्र मोजणारं यंत्र, वाचा. 100 गॉस म्हणजे 10 मिलिटेस्ला. शेवटी इलेक्ट्रोमॅग्नेटच्या प्रवाहाची दिशा उलटवून पुन्हा मोजा. खरा परिणाम क्षेत्राच्या दिशेवर अवलंबून नसतो. उलट दिशेला वेगळा आकडा आला, तर आधी तुमच्या तारा तपासा.