वाचकांचे प्रश्न : दोन एकर विकून आमदारकी?

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील तापीकाठच्या पट्ट्यातील एका गावचा रहिवासी असून माझे वय ३३ वर्षे आहे. अकरा वर्षे सुरतेत कापडाच्या मिलमध्ये सुपरवायझर होतो; वडील आजारी पडल्यामुळे तीन वर्षांपूर्वी गावी परतलो. नदी चार किलोमीटरवर असूनही आमच्या विहिरी फेब्रुवारीत तळ गाठतात. जिल्हा परिषद शाळेचा पट निम्म्यावर आला आहे, आरोग्य उपकेंद्राला बहुतेक दिवस कुलूप असते, मुक्कामी एस.टी. बंद झाली आहे. तरुण मुले सुरत, नाशिक, पुणे गाठतात आणि जी मागे राहतात त्यांची लग्ने जमत नाहीत. गल्लीतील माणसे म्हणतात, “तू उभा ऱ्हाय, आमी शेतस ना!” (आम्ही आहोत ना!) पुढील विधानसभा अपक्ष म्हणून लढवावी आणि खर्चासाठी सात एकरांपैकी दोन एकर विकावे, असा विचार आहे. आमदार होऊन गाव खरोखर सुधारता येते का? पत्नी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे आणि माझ्या नावावर शासनाच्या नाला खोलीकरणाचे एक लहान कंत्राट चालू आहे. त्यांची अडचण येईल का?

— एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : तुमच्या पत्रातील तक्रारी खऱ्या आहेत, याविषयी आम्हांला शंका नाही, मात्र त्या सगळ्या विधानभवनाच्या दारात नेऊन ठेवण्याआधी प्रत्येक तक्रार कोणाच्या टेबलावरची आहे, ते पाहावे लागेल. शाळा आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे आहेत. नळयोजना ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग यांच्यात अडकलेली असते. मुक्कामी गाडी आगार व्यवस्थापकाच्या वेळापत्रकात बसवावी लागते. ही कामे आमदाराच्या एका फोनने होतात, असे आपल्याकडे समजले जाते आणि पुष्कळदा ती होतातही. पण फोनने सुरू झालेली गाडी फोन थांबला की बंद पडते, हे तुमच्या गावाने पाहिलेले असेल.

विहिरींचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तापी तुमच्या तालुक्याच्या उत्तर हद्दीवरून वाहते आणि तिचे पाणी अडवण्यासाठी तुमच्याच तालुक्यात पाडळसे येथे हाती घेतलेला निम्न तापी प्रकल्प वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. असा प्रकल्प ग्रामसभेच्या ठरावाने पुढे सरकत नाही. जसजसा उशीर होतो तसतशी किंमत वाढते, किंमत वाढली की सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे कार्यालयांत जिला ‘सुप्रमा’ म्हणतात ती, नव्याने घ्यावी लागते, आणि ती मिळाली तरी दर वर्षीच्या अर्थसंकल्पात तरतूद किती झाली यावर काम अवलंबून राहते. येथे आमदाराच्या हाती खरी हत्यारे आहेत : तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते), तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा आणि जलसंपदा विभागाच्या अर्थसंकल्पी मागण्यांवरील, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा असे सुचवून जाब विचारणारी, कपात सूचना. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले गेले नाही, तर ते विधिमंडळाच्या आश्वासन समितीपुढे नेता येते. आमच्या मते आमदारकीचे सर्वांत कमी वापरलेले बळ हेच आहे. ‘कामाचा माणूस’ म्हणून ओळखला जाणारा आमदार सभामंडपांच्या आणि पेव्हर ब्लॉकच्या उद्घाटनांत इतका गुंतून जातो की मागण्यांवरील चर्चेच्या दिवशी त्याची जागा रिकामी असते.

स्थानिक विकास निधीविषयी लोकांच्या कल्पना फार मोठ्या असतात. महाराष्ट्रात हा निधी आमदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहे. मतदारसंघात दीडशे गावे धरली, तर गावाच्या वाट्याला सव्वातीन लाखांच्या आसपास रक्कम येते. एवढ्यात गल्लीचे काँक्रिटीकरण होईल. सुरतेची गाडी पकडणारा मुलगा त्यासाठी फलाटावरून माघारी फिरणार नाही.

अपक्ष म्हणून निवडून येणे अशक्य आहे, असे तुमच्या तालुक्यात तरी कोणी म्हणू नये. अमळनेरने २००९ आणि २०१४ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत अपक्ष उमेदवार विधानसभेत पाठवला. २०१९ मध्ये मुक्ताईनगर आणि साक्री येथेही अपक्षच विजयी झाले. पण मुक्ताईनगरचे चंद्रकांत पाटील हे आधी शिवसेनेच्या चिन्हावर तेथेच लढलेले कार्यकर्ते होते, म्हणजे त्यांच्यामागे गावोगावची माणसे अगोदरच उभी होती. आणि २०२४ मध्ये सबंध राज्यातील २८८ जागांपैकी अपक्षांच्या वाट्याला केवळ दोन आल्या. शिवाय अपक्ष म्हणून निवडून आल्यावर नंतर एखाद्या पक्षात प्रवेश केल्यास राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, सदस्यत्व जाते. बाहेरून पाठिंबा देता येतो, आणि बहुतेक अपक्ष निधीसाठी तेच करतात.

आता दोन एकरांविषयी. राज्यात एका मतदारसंघात सरासरी तीन लाखांहून अधिक मतदार आहेत. हजारभर मतदारांमागे एक केंद्र धरले, तर तीनशेहून अधिक मतदान केंद्रांवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणारा विश्वासू माणूस लागेल. तुमच्या गल्लीतील ‘आमी शेतस’ म्हणणारी माणसे फार तर दोन केंद्रे सांभाळतील. दोन लाख मतदान झाले असे मानले, तर अनामत वाचवण्यासाठी एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक, म्हणजे ३३ हजारांहून जास्त मते हवीत. अनामत रक्कम १० हजार रुपये आहे (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांस ५ हजार), ती गेली तरी घर बुडत नाही. घर बुडते ते गाड्या, जेवणावळी आणि मंडळांच्या वर्गण्या यांत. कायद्याने उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो, त्यासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर न केल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्रता ओढवू शकते. मर्यादा ४० लाखांची आहे म्हणून तेवढे घालावेच असे नाही, परंतु जमीन विकून आलेला पैसा हातात खेळत आहे हे कळले की मागणाऱ्यांची रांग तुमच्या ओट्यापर्यंत येईल, आणि त्या रांगेत गल्लीतील माणसेही असतील. जमीन विकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विधानसभेची मागील निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. मुदत पूर्ण झाली तर पुढची २०२९ च्या अखेरीस येईल. हा काळ थोडा नाही. माहिती अधिकाराखाली जळगावच्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडून पाडळशाची शेवटची मान्यता, झालेला खर्च, उरलेले भूसंपादन आणि पुनर्वसन यांची कागदपत्रे मिळवा. लाभक्षेत्रात येणाऱ्या गावांच्या ग्रामसभांतून एकाच मजकुराचे ठराव करून घ्या आणि ते विद्यमान आमदारांच्या हाती देऊन अधिवेशनात प्रश्न विचारण्याची विनंती करा. त्यांनी विचारला तर काम पुढे सरकेल. न विचारल्यास पुढच्या निवडणुकीत मतदारांपुढे ठेवायला तुमच्याकडे वहीभर पुरावा असेल. दरम्यान ग्रामपंचायतीची किंवा जिल्हा परिषद गटाची निवडणूक आली तर ती अवश्य लढवा. शाळा आणि उपकेंद्र तेथूनच हलतील, आणि वीस-पंचवीस गावांतील माणसे तुम्हांला नावाने ओळखू लागतील. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीआधी मात्र कंत्राटांविषयीची तिची वेगळी अट तपासून पाहा.

पात्रतेविषयी : वय २५ पूर्ण आणि राज्यातील मतदार यादीत नाव, या अटी तुम्ही पूर्ण करता. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून त्याचे नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातील दहा सूचक लागतात. अर्जावर सह्या घेताना त्यांचे यादीतील क्रमांक नीट पडताळावेत, कारण छाननीत पुष्कळ अपक्षांचे अर्ज अशाच चुकांनी बाद होतात. पत्नीच्या नोकरीमुळे तुमच्या उमेदवारीला बाध येत नाही. त्यांनी मात्र प्रचारात भाग घेऊ नये किंवा मतदान केंद्रावर तुमच्या प्रतिनिधी म्हणून बसू नये, आणि तुमच्या शपथपत्रात त्यांचे उत्पन्न व मालमत्ता दाखवावी लागेल.

कंत्राटाची अडचण गंभीर आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९-अ नुसार राज्य शासनाशी कामाचे चालू कंत्राट असलेली व्यक्ती विधानसभेसाठी अपात्र ठरते. काम तुमच्या बाजूने पूर्ण झाले असेल आणि केवळ बिल थकले असेल, तर ते कंत्राट चालू मानले जात नाही. म्हणून नाल्याचे काम संपवून काम पूर्ण झाल्याचा लेखी दाखला संबंधित कार्यालयातून आधी घ्यावा. बिलाची वाट पाहत बसण्याची गरज नाही.