गळती कुठून आहे हे कळण्याआधी कर्ज काढू नका

नमस्कार. तुमच्या पत्राचा सारांश असा: १९९० च्या सुमाराची १.६ लिटर इंजिनाची माझदा एमएक्स-५, वर्षाला साधारण ४,००० किलोमीटर, तेही सुट्टीच्या दिवशी. बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात ते आवरण) ऑइलचा डाग पडतो आणि दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर भर घालावी लागते. मेकॅनिकच्या मते क्रँकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, मागचा सील गेला आहे. त्याचा प्रस्ताव इंजिन उतरवून सगळे सील, क्लच आणि टायमिंग बेल्ट एकदमच बदलण्याचा आहे. हा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या ४० टक्के आहे. तो आकस्मिक निधीतून केला तर सहा महिन्यांचा निधी दोन महिन्यांवर येतो, म्हणून तुम्ही ३६ हप्त्यांचं वैयक्तिक कर्ज किंवा आहे त्या स्थितीत विक्री, यांचाही विचार करत आहात.

माझं मत: यांपैकी काहीही या महिन्यात करू नका. ज्या दोषाचा शोधच लागलेला नाही, त्याच्या दुरुस्तीसाठी तुम्ही पैसे उभे करायला निघाला आहात.

या इंजिनात सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) बाजूला, कॅम अँगल सेन्सर बसतो; कॅमची स्थिती पाहून इग्निशनची वेळ ठरवायला तो लागतो. त्याची ओ-रिंग उष्णतेने कडक होते आणि ऑइल पाझरू लागतं. ते इंजिनाच्या पाठीवरून ओघळत थेट बेल हाउसिंगवर उतरतं आणि खालून पाहणाऱ्याला हुबेहूब मागचा सील गेल्यासारखं दिसतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या सर्वांत वरच्या झाकणाचं, पॅकिंग मागच्या कोपऱ्यात गेलं तरी डाग तिथेच पडतो. ओ-रिंगचा खर्च नगण्य असतो, तर मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. डाग एकच, पण दोन बिलांत जमीन-अस्मानाचा फरक.

म्हणून तपास वरून खाली आणि पुढून मागे करा, कारण ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. सर्वांत खाली लोंबणारा थेंब उगम सांगत नाही. आधी द्रव ओळखा. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. तसं असेल तर गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची. पातळ आणि फिकट असेल तर क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) तपासा. इंजिन ऑइलच निघालं तर थंड इंजिन डीग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडं करा. सेन्सर आणि वायरिंगचे जोड झाकायला विसरू नका. ऑइलमध्ये यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) टाका, दहा मिनिटं आयडलवर चालवून पाहा, मग ३० आणि १५० किलोमीटरनंतर यूव्ही टॉर्च मारून सर्वांत वरची चमकणारी जागा शोधा. पॅकिंगच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरली तर बारीक पाझरही उठून दिसतो. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, पुढे गॅरेजशी बोलताना ते उपयोगी पडतील.

याच वेळी टॅपेट कव्हरवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधले (इंजिनाच्या खालच्या पोकळीतले) वायू बाहेर काढणारी झडप, काढून हलवून पाहा. तो खडखडला पाहिजे. तो चोंदला असेल तर क्रँककेसमधल्या वायूंना वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं. व्हॉल्व्ह आणि त्याचं कडक झालेलं रबर दोन्ही बदला. हे न करता नवे सील बसवले तर काही महिन्यांत तेही ओले होतील.

आणखी एक चाचणी मी अटच म्हणून सांगेन: कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याचं मोजमाप. अर्धा लिटर ऑइल सगळंच जमिनीवर सांडतंय हे गृहीत धरू नका, काही जळतही असेल. बराच वेळ आयडलवर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर येतो का पाहा. चारही सिलिंडरांतला फरक प्रति चौरस सेंटिमीटर २ किलोच्या आत असायला हवा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर ज्वलनाचा वायू खाली उतरून क्रँककेसमध्ये तोच दाब पुन्हा तयार करतो, आणि ४० टक्के खर्चूनही गळती परत सुरू होते. तसं निघालं तर प्रश्न सीलचा उरत नाही, इंजिनाचा होतो, आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो.

इंजिनाच्या वरच्या भागातली कामं आधी करून घ्या. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलताना खाच पूर्ण साफ हवी, कॅमच्या पुढच्या आणि मागच्या कॅपच्या कोपऱ्यांवर सीलंटचा छोटा थेंब हवा, आणि बोल्ट ५ ते ९ न्यूटन मीटरवरच आवळायचे. जास्त आवळलं की पॅकिंग चिरडतं, अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात आणि स्वस्त काम महाग होतं. सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या जागेवर रंगाची खूण करा, कारण तो फिरला की इग्निशन टायमिंग बदलतं. ओ-रिंग बसवल्यावर टायमिंग लाइटने १० अंश आहे का तपासा. हे काम पुढे ढकलू नका: त्याच ठिकाणी हीटरचे होज आहेत, ऑइलने त्यांचं रबर मऊ पडतं आणि मग कूलंटची गळती सुरू होते.

आता पैशांकडे. तुमच्या वापराला भर घालायचं ऑइल वर्षाला दोन लिटर. त्यासाठी हप्ते काढायचे नसतात. या इंजिनात साडेतीन लिटरांच्या आसपासच ऑइल असतं, म्हणून खरा धोका पातळी उतरण्याचा आहे. दर ३०० किलोमीटरला, थंड इंजिनावर, सपाट जागी डिपस्टिक पाहा. तेवढं पाळलंत तर थांबण्याची किंमत फार कमी आहे. अपवाद तीनच: ऑइल एक्झॉस्टवर पडत असेल, टायमिंग बेल्ट भिजत असेल, किंवा क्लच घसरत असेल. त्यात थांबू नका.

बेल्ट तुम्ही म्हणता ८५,००० किलोमीटरपूर्वी बदलला. त्याची मुदत लाखाची, पण वयही धरायचं असतं, म्हणून हे काम या वर्षी करा आणि त्याबरोबर क्रँकचा पुढचा सील, कॅमचे सील आणि वॉटर पंपही. मजुरी एकदाच लागते. तुमची गाडी सुरुवातीच्या वर्षांतली असल्यामुळे क्रँक आखूड नाकाचा (पुली बसते ते पुढचं टोक आखूड असलेला) असू शकतो: पुलीच्या बॉसला, म्हणजे मधल्या गाभ्याला, चार खाचा म्हणजे आखूड, आठ म्हणजे लांब. आखूड असेल तर पुलीचा बोल्ट नीट न बसवल्यास क्रँकवरची चावीची (पुली जागेवर धरणाऱ्या पट्टीची) खाच झिजते, आणि ते नुकसान या सगळ्या कामांपेक्षा मोठं. हे आधीच विचारून घ्या.

मागचा सील खरंच ओला निघाला, तरी त्यासाठी इंजिन उतरवायची गरज नाही. गिअरबॉक्स उतरवला की पुरतं. तेव्हा क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग सोबत बदला, कारण ऑइलने भिजलेली प्लेट पुसून भरवशाची होत नाही. ऑइल पॅनच्या पॅकिंगचं वेगळं: ते या गाडीत इंजिन उचलल्याशिवाय किंवा सबफ्रेम खाली घेतल्याशिवाय निघत नाही. नुसता ओलसरपणा असेल तर सोडून द्या. स्टॉप-लीक मिश्रणं टाळा. ती रबर फुगवतात, फाटलेलं पॅकिंग जोडत नाहीत.

गाडीची किंमत १०० भाग धरली तर तुमच्या अंदाजपत्रकातल्या ४० पैकी २६ भाग मजुरी आहे, म्हणून ते तोडून मागा: बेल्ट वेगळा, गिअरबॉक्स वेगळा, इंजिन उतरवणं वेगळं, प्रत्येकाचे तास आणि सुटे भाग लिहून. समजा गिअरबॉक्सचं काम १५ भागांचं निघालं, तर १२ महिने दरमहा गाडीच्या किमतीच्या सव्वा टक्क्याइतकी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली की व्याज न देता ते होतं. आकस्मिक निधी मोडू नका. तो नोकरी आणि आजारपणासाठी आहे, सुट्टीच्या गाडीसाठी नाही. कर्ज तर नाहीच.

विकायचीच असेल तर वरची कामं आणि बेल्ट करून, बिलं आणि फोटो जोडून विका. खाली थेंब दिसला की खरेदीदार सर्वांत महागडी शक्यता धरूनच भाव पाडतो, आणि तुमच्या हातात त्याला खोडून काढणारा पुरावा आज नाही. पीसीव्ही, पॅकिंग आणि ओ-रिंग झाल्यावर ५०० किलोमीटर चालवा, भर घातलेलं ऑइल मिलिलिटरमध्ये लिहून ठेवा आणि कॉम्प्रेशनचे चार आकडे मला कळवा. गिअरबॉक्सचा निर्णय त्यावर घेऊ.